‘पार्सल मिळालेच नाही’ : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ११४ होते. न्यायालयाने कोणत्या गोष्टी गृहीत धराव्यात, हे त्यात सांगितले होते आणि सोबत काही उदाहरणे दिली होती. त्यांतील एक असे : पत्र पेटीत टाकल्याचे सिद्ध झाले, तर व्यवहाराच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ते पोहोचले असे मानता येईल. परंतु त्या काळात दंगाधोप्यामुळे टपालाची नेहमीची ये-जा खंडित झाली असेल, तर न्यायालयाने तेही लक्षात घ्यावे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या चार ओळींत आजच्या ऑनलाइन विक्रेत्याची सारी डोकेदुखी आहे. ‘पाठवले’ हे सिद्ध करता येते. ‘मिळाले’ हे केवळ गृहीत धरावे लागते. या दोन क्रियापदांमधल्या रस्त्यात वस्तू हरवली, तर नुकसान कोणाचे? आणि ती खरोखर हरवली की हरवल्याचे केवळ सांगितले जात आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे कोणावर? हा धागा त्या ओझ्याच्या प्रवासाविषयी आहे. धागा लांब आहे, मित्रहो, सवडीने वाचावा.

विषय सुचला तो किनवटमुळे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात, सागवानाच्या जंगलाला लागून असलेला हा तालुका. येथून बंजारा भरतकामाच्या पिशव्या ऑनलाइन विकणारी एक ताई माझ्या परिचयाची आहे. महिन्याकाठी मोजकीच पार्सले जातात. त्यांतल्या एखाद्याविषयी ‘डिलिव्हर्ड दाखवते, पण मला मिळाले नाही’ असा निरोप आला की तिच्या आठवड्याच्या कमाईचा हिशेब कोलमडतो. पैसे परत द्यावेत, तर पिशवीही गेली आणि पैसेही गेले. न द्यावेत, तर खालच्या दर्जाचे मानांकन पडते. ग्राहक खोटे बोलतो असे म्हणावे, तर पुरावा नाही. आणि तो खरे बोलत असेल, तर ते म्हणणे अन्यायाचे. मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हुंडीच्या आणि बैलांच्या काळात हे कसे निभावत असतील?

आधी पैशाचे पाहू, कारण पैसा हेही एक पार्सलच होते. दूरच्या पेठेत रोकड पाठवणे धोक्याचे, म्हणून हुंडी. पण हुंडीचा कागदही वाटेत गहाळ होतो. यावर सराफांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. मूळ हुंडी हरवली की लिहून देणारा ‘पैठ’ देई, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर ‘परपैठ’. तीही गेली तर ‘मेजर’. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असे, म्हणजे एकीचे पैसे दिले की बाकीच्या आपोआप निरर्थक. हरवण्याची शक्यता येथे अपवाद मानलेली नाही. व्यवहाराच्या रचनेतच तिच्यासाठी जागा ठेवलेली आहे.

दुसरा उपाय ‘शहाजोग’ हुंडीचा. ही हुंडी ज्याच्या हाती लागेल त्याला वटवता येत नसे. पेठेत पत असलेल्या ‘शहा’च्या हातूनच ती वटे. चोराने ती पळवली, तरी पैसे मिळवण्यासाठी त्याला कोणा प्रतिष्ठित सराफाकडे जावे लागे, आणि सराफाला उद्या आपल्यावरच पैसे परत करण्याची वेळ येईल याची धास्ती असे. आज दारात आलेला डिलिव्हरी करणारा मुलगा चार आकडी ओटीपी मागतो, त्यामागे हाच विचार आहे : वस्तू योग्य हातातच पडावी आणि तो हात नंतर ओळखता यावा. फरक इतकाच, की सराफाची पत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहत असे आणि ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो.

मालाच्या बाबतीत ‘जोखमी’ हुंडी होती. पाठवलेल्या मालावर ही हुंडी काढली जाई; माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे. माल बुडाला तर ज्याने ती हुंडी विकत घेतली होती त्याचे नुकसान; आणि ही जोखीम पत्करली म्हणूनच त्याला हुंडी काहीशी स्वस्तात मिळे. समुद्री व्यापारात हिचा वापर विशेष. ‘विमा’ हा आपला शब्द फारसीतला; त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भय. भयाला किंमत लावता येते आणि ते भय पेलायला तयार असणाऱ्याला ती किंमत देता येते, हे आपल्या पेठांना इंग्रजी विमा कंपन्यांआधी ठाऊक होते.

जमिनीवरून माल नेणारे दोन प्रकारचे लोक मराठी मुलखात होते. एक बंजारा तांडे : हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारे, लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या फौजांना रसद पुरवणारे. किनवट, माहूर, पुसद या पट्ट्यात आज दिसणारे तांडे त्याच वाहतूकदारांच्या वंशजांचे आहेत. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा गेला, हे आपण शिकतो. ज्यांचे पूर्वज इतरांचा माल पोहोचवत, त्यांच्याच वस्तीवरचे पार्सल आज ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत जाते, ही गोष्ट मात्र कोणत्या पाठ्यपुस्तकात नाही. दुसरे हुंडेकरी. ठरावीक रकमेत माल पोहोचवायचा आणि वाटेतल्या जकातीही आपणच भरायच्या, असा ठेका घेणारे. हुंडेकरी हे आडनाव आजही आपल्याकडे आढळते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात मोठी सोय होती : वाटेत काही झाले तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असे. त्या माणसाला चेहरा होता आणि पुढच्या हंगामात त्याला याच पेठेत ठेका मिळवायचा होता.

मग कंपनीचे आणि नंतर राणीचे राज्य आले. चेहरा जाऊन खाते आले.

१८६५ च्या वाहक कायद्याने खासगी वाहतूकदाराबाबत एक उदार नियम केला : माल हरवला, तर वाहकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याची गरज मालधन्याला नाही. माल दिला आणि तो पोहोचला नाही, एवढे दाखवले की पुरे. पण मोठ्या वाहकाला, म्हणजे रेल्वेला, हा नियम सोसवेना. १८९० च्या रेल्वे कायद्याने तिची जबाबदारी साध्या ठेवीदाराइतकी, म्हणजे शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितक्या काळजीपुरती, आणून ठेवली. वर ‘रिस्क नोट’ची सोय दिली. कमी भाडे हवे असेल, तर व्यापाऱ्याने एका छापील कागदावर सही करायची : माल गहाळ झाला तर रेल्वेला जबाबदार धरणार नाही; तिच्या नोकरांची गैरवर्तणूक मीच सिद्ध करीन तेवढे वगळून. आता धावत्या मालगाडीच्या डब्यात काय घडले, हे लातूरच्या किंवा खामगावच्या अडत्याने कोठून सिद्ध करावे? माहिती सगळी रेल्वेकडे आणि सिद्ध करण्याचे ओझे सगळे व्यापाऱ्यावर. वर दावा सहा महिन्यांच्या आत लेखी दिला नाही तर तोही बाद. माझ्या मते हरवलेल्या मालाच्या इतिहासातला हा सर्वांत अन्यायाचा कागद होय. स्वस्त दराच्या मोहात सही करून मोकळे होण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. आज आपण न वाचता ‘मान्य आहे’वर बोट टेकवतो, एवढेच. रेल्वेला पुन्हा पूर्ण वाहकाची जबाबदारी पत्करावी लागली ती स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९६२ पासून.

टपालाची कथा आणखी रंजक. १८९८ च्या टपाल कायद्याचे सहावे कलम सरळ सांगत होते, की पत्र वा पार्सल हरवले, चुकीच्या हाती पडले, उशिरा पोहोचले किंवा खराब झाले, तर सरकार जबाबदार नाही. सरकारने स्पष्ट शब्दांत जबाबदारी घेतली असेल तेवढे सोडून. टपाल नोकरही जबाबदार नाही, त्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केले नसेल तर. ती ‘स्पष्ट शब्दांत घेतलेली जबाबदारी’ म्हणजे मुख्यतः विमा केलेले पार्सल. त्यासाठी लाखेची मोहर लावायची, मोहरेवर स्वतःची खूण उमटवायची आणि वजन नोंदवायचे. विक्रेत्यांनी येथे थोडे थांबावे. मोहर आणि वजन ही दोन साक्षी कशासाठी? पोहोचलेले पार्सल तेच आहे का आणि तितकेच आहे का, या दोन वेगळ्या प्रश्नांसाठी. डबा मिळाला पण आत दगड होता, अशी तक्रार येते तेव्हा कुरिअरच्या पहिल्या काट्यावर नोंदलेले वजन हाच सर्वांत निःपक्षपाती साक्षीदार असतो. पॅकिंगचा व्हिडिओ ही आजची लाखेची मोहर. पण वजनाची पावती जपून ठेवण्याकडे आपले लोक दुर्लक्ष करतात.

आणि मग व्ही.पी.! आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘व्हीपीने मागवले’ हा शब्दप्रयोग ज्यांनी ऐकला असेल, त्यांना ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे नवल वाटू नये. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने ही पद्धत १८७७ साली सुरू केली. पुस्तक, औषध, पंचांग, घड्याळ, काहीही मागवावे. पोस्टमनने पैसे घेऊन पार्सल हाती द्यावे. पैसे मनिऑर्डरीने विक्रेत्याकडे जावेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना आणि मासिकांना खेड्यापाड्यांतला वाचक मिळाला तो बऱ्याच अंशी या सोयीमुळे. छापखाना आपण साजरा करतो, व्ही.पी.चे ऋण मात्र कोणी मानत नाही.

पण व्ही.पी.ने अविश्वासाची दोन टोके निर्माण केली. ग्राहकाला पैसे आधी मोजावे लागत आणि पुडके नंतर उघडता येई; आत रद्दी निघाली तर? आणि विक्रेत्याचे पुडके ग्राहकाने नाकारले, तर जाण्या-येण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर. काही ठग तर कोणी मागवलेले नसतानाच व्ही.पी. पाठवत, घरातल्या कोणीतरी पैसे देऊन सोडवून घेईल या भरवशावर. म्हणून १८९८ च्या कायद्यात दोन तरतुदी आल्या. पाठवणाऱ्याकडून, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवीत आहे, असे प्रतिज्ञापन मागण्याचा अधिकार. आणि फसवणूक आढळल्यास वसूल केलेले पैसे विक्रेत्याला न देता रोखून ग्राहकाला परत करण्याची मुभा. आज संकेतस्थळे विक्रेत्याचे पैसे काही दिवस अडकवून ठेवतात, त्याविषयी आपण कुरकुर करतो. त्या अडकवून ठेवण्याला एवढा जुना वंश आहे.

मराठी मासिकांनी यावर आपापले दंडकही घडवले होते. जुन्या अंकांच्या मलपृष्ठांवर किंवा वर्गणीच्या सूचनांमध्ये ते दिसतात : अंक न मिळाल्यास आधी स्थानिक पोस्टात चौकशी करावी, मग ठरावीक तारखेच्या आत आम्हांस कळवावे, उशिरा आलेल्या तक्रारींचा विचार होणार नाही, पत्रात ग्राहक क्रमांक लिहावा. स्वर थोडा करडा, पण रीत पक्की. तक्रारदाराला कोणी खोटा म्हणत नाही. त्याला एक छोटेसे काम सांगितले जाते. ज्याला अंक खरोखर हवा आहे तो पोस्टात जाऊन येतो. ज्याला फुकटचा दुसरा अंक हवा आहे तो बहुधा कंटाळतो. आजच्या विक्रेत्याने पहिल्याच उत्तरात ‘घरातल्यांना, शेजारी, दुकानात किंवा वॉचमनकडे एकदा विचारून पाहावे, तोवर मी कुरिअरकडे लेखी चौकशी टाकते’ असे लिहिले, तर ती याच परंपरेतली मुत्सद्देगिरी ठरेल. आणि ती चौकशी त्याच दिवशी टाकायला हवी. रेल्वेचे सहा महिने आज कित्येक ठिकाणी थोड्या दिवसांवर आले आहेत. मुदत उलटल्यावर खरे म्हणणेही निरुपयोगी.

आता या विषयावरचा माझा सर्वांत आवडता खटला. वस्तू मराठी, गाव मराठी आणि प्रश्न असा की ऐकून गंमत वाटावी.

कऱ्हाडजवळची ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तेथील ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत होता. कारखान्याने भारत सरकारलाही माल पुरवला. सरकारने त्याचे पैसे दिल्लीहून टपालाने चेक पाठवून दिले आणि ते चेक ओगलेवाडीत पोहोचले. प्राप्तिकर खाते म्हणाले, पैसे तुम्हांला ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाले, तेव्हा कर भरा. कारखाना म्हणाला, पैसे आम्हांला संस्थानात मिळाले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ साली निकाल लागला. म्हणजे न्यायालयापुढे शुद्ध तात्त्विक प्रश्न उभा होता : पाकीट टपालात पडल्यावर, वाटेत असताना, ते कोणाचे?

न्यायालयाने सांगितले, की घेणाऱ्याने काहीच सांगितले नसेल तर पोस्ट हे पाठवणाऱ्याचे प्रतिनिधी. पाकीट पोहोचेपर्यंत ते त्याचेच. पण घेणाऱ्याने स्वतःच ‘टपालाने पाठवा’ असे स्पष्टपणे किंवा सूचकपणे सांगितले असेल, तर पोस्ट हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी होते आणि पेटीत टाकताक्षणी ते त्याला मिळाले असे समजायचे. ओगल्यांनी चेक पाठवण्याची विनंती केली होती. व्यवहाराची रीत पाहता, ते चेक टपालानेच येणार हे दोन्ही बाजूंना अभिप्रेत होते. सबब पैसे दिल्लीतच मिळाले. कारखाना हरला.

मालाबाबतही १९३० च्या मालविक्री कायद्याचा सूर जवळचाच आहे : विक्रेत्याने माल वाहकाच्या हाती सोपवला, की प्रथमदर्शनी तो ग्राहकाला दिल्यासारखाच, मात्र वाहकाशी केलेला करार विक्रेत्याने शहाणपणाने केलेला असावा. म्हणजे जुन्या कायद्याच्या नजरेने पाहिले, तर किनवटच्या ताईने पिशवी नीट बांधून, नीट पत्ता घालून, भरवशाच्या वाहकाकडे दिली की पुढची जोखीम बरीचशी ग्राहकाची. मग प्रत्यक्षात ती तिच्याच डोक्यावर का पडते? कारण मधे तिसरा आला आहे. वाहक कोण, हे विक्रेता निवडत नाही आणि ग्राहकही निवडत नाही, संकेतस्थळ निवडते. त्याच्या अटी दोघांनाही मान्य कराव्या लागतात आणि त्या अटींत बहुधा वस्तू ग्राहकाच्या दारी पोहोचेपर्यंत विक्रेत्याने थांबायचे असते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनी ग्राहकाला तक्रारीची वाट दिली : तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. ते योग्यच झाले, कारण शतकभर ओझे त्याच्याच पाठीवर होते. पण ग्राहकाच्या पाठीवरून उतरलेले ओझे हवेत विरत नाही. ते विक्रेत्याच्या पाठीवर जाते. आणि विक्रेता म्हटले की डोळ्यांपुढे मोठी कंपनी येते, शिलाई मशिनीवरची बाई येत नाही.

पत्त्याविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण पार्सले चोरीपेक्षा पत्त्यातही बरीच हरवतात. किनवटचेच पाहा. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. संस्थानाचे स्वतःचे टपाल खाते होते आणि त्याच मुलखात ब्रिटिश टपालही चाले. निजामाचे खाते भारतीय टपालात विलीन झाले ते १९५० साली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट तालुका आदिलाबादमधून निघून नांदेडला जोडला गेला आणि मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही, पण पाकिटावरचा जिल्हा आणि राज्य मात्र बदलत गेले. जुन्या पत्त्यावर नवे पत्र पाठवणाऱ्याला काय माहीत?

हा गोंधळ देशभर होता : एकाच नावाची गावे, अनेक लिप्या, अर्धवट पत्ते. त्यावरचा तोडगा एका मराठी माणसाने दिला. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. किनवटचा पिन ४३१ ने सुरू होतो. पैनगंगेपलीकडे यवतमाळकडे गेलात तर ४४५, राज्याची सीमा ओलांडून आदिलाबादेत गेलात तर ५०४. आकड्याला लिपी नसते, ही त्यातली मोठी युक्ती. पण पिन पोस्टापर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. त्यापुढचे अंतर पोस्टमनच्या ओळखीने कापले जाई; कोणत्या तांड्यावर कोण राहते हे त्याला पाठ असे. खासगी कुरिअरच्या मुलाकडे ती ओळख नाही, फोन नंबर आहे; आणि जंगलपट्ट्यात फोन लागतोच असे नाही. मग यंत्रावर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ तरी उमटते, नाहीतर पार्सल नाक्यावरच्या पानटपरीवर ठेवून ‘डिलिव्हर्ड’. यात कोणी चोर नाही, तरी पार्सल मिळालेले नाही. तक्रार आली की चोर शोधायच्या आधी पानटपरी शोधावी, असे मी म्हणेन. डिलिव्हरीच्या क्षणाचे ठिकाण आणि छायाचित्र कुरिअरकडे असते. विक्रेत्याने ते लेखी मागितले पाहिजे. १८९० च्या व्यापाऱ्याला मालगाडीच्या डब्यात डोकावता येत नव्हते. आज निदान मागता तरी येते.

१८९८ चा टपाल कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०२३ चा कायदा आला आणि जून २०२४ पासून लागू झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. तो स्टिकर इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात दहावे कलम पाहावे. टपाल खाते आपल्या सेवांबाबत जबाबदार राहणार नाही, नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी सोडून. आणि नोकरही जबाबदार नाही, त्याने लबाडी केली नसेल किंवा मुद्दाम नुकसान घडवले नसेल तर. शब्द थोडे बदलले आहेत. ज्यांना हौस असेल त्यांनी जुने सहावे आणि नवे दहावे कलम शेजारी ठेवून वाचावे.